इंग्रजी वनातील शांतता

१

इंग्रजी साहित्यात वनात शिरणारा मनुष्य बहुधा काही तरी मागे टाकून आलेला असतो. दरबारातील कपट, नगरातील कोलाहल, मनातील तगमग हे सारे वनाच्या काठाशी ठेवून तो आत पाऊल टाकतो आणि आत त्याला शांतता भेटते. ही रचना जुनी आहे. शेक्सपिअरच्या ‘ॲज यू लाइक इट’मधला पदच्युत ड्यूक आर्डेनच्या वनात राहतो तो याच रचनेच्या आधाराने, आणि रोमँटिक कवितेने तिला जे तात्त्विक तेज दिले, त्यामुळे ती पुढच्या वाचकांना केवळ एक वाङ्मयीन संकेत न वाटता निसर्गाविषयीचे सत्यच वाटू लागली. १८५७ नंतर भारतीय विद्यापीठांतून इंग्रजी कविता शिकलेल्या पिढ्यांनी ते सत्य मनोभावे स्वीकारले. दाह हा जसा अग्नीचा धर्म, तशी शांतता हा वनाचा धर्म, असे एक गृहीत त्यातून तयार झाले. निसर्गकवितेचे मोठेपण कवी निसर्गाशी किती तादात्म्य पावला यावर मोजण्याची आपल्याकडील समीक्षेची सवय बऱ्याच अंशी या गृहीतावर उभी आहे.

या गृहीताला एक साधा प्रश्न विचारता येतो. वन शांत आहे म्हणजे नेमके कोण गप्प आहे, आणि ते का गप्प आहे? प्रश्न वरवर बालिश वाटेल. परंतु इंग्रजी वनाविषयी ज्यांनी सर्वांत खोल लिहिले, त्या लेखकांनी तो आपापल्या परीने विचारलेला आहे. आणि त्यांच्या लेखनाचा घाटही या प्रश्नाने घडवला आहे. खुद्द आर्डेनच्या वनातही तो ऐकू येतो. थकल्याभागल्या पाहुण्यांनी आसरा मागितल्यावर कॉरिन हा वृद्ध मेंढपाळ सांगतो की तो दुसऱ्याचा चाकर आहे. ज्या मेंढ्या तो चारतो त्यांची लोकर त्याची नाही, धनी कृपण आहे, आणि झोपडी, कळप, कुरण सारेच विक्रीस निघाले आहे. म्हणजे आनंदवनाच्या दाराशीच मजुरी आणि मालकी उभी आहे. नाटक तिथे फार वेळ थांबत नाही, हे खरे. पण शेक्सपिअरने तिला वगळले नाही, हेही तितकेच खरे.

२

ज्या वनाविषयी हे साहित्य बोलते ते वन प्रत्यक्षात काय होते, हे पाहिल्यावाचून पुढे जाता येत नाही. ‘फॉरेस्ट’ हा इंग्रजी शब्द मुळात वनस्पतींचा नसून कायद्याचा आहे. १०६६ नंतरच्या नॉर्मन राजवटीत राजाच्या मृगयेसाठी जो प्रदेश सामान्य कायद्याबाहेर काढला गेला तो फॉरेस्ट. त्यात दाट झाडी असलीच पाहिजे असे नव्हते. त्या प्रदेशातील सामान्यांचे चराईचे आणि सरपणाचे हक्क मान्य करून घेण्यासाठी १२१७ मध्ये स्वतंत्र सनद काढावी लागली. याच्या उलट ‘वुड’ म्हणजे आकाराने लहान, नाव असलेली, मालक असलेली, बांध आणि चर यांनी आखलेली झाडी. ऑलिव्हर रॅकम (१९३९–२०१५) या केंब्रिजच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने आपले आयुष्य या झाड्यांचा इतिहास उलगडण्यात वेचले. १०८६ च्या डूम्सडे नोंदींवरून त्याने काढलेला अंदाज असा की त्या काळीही इंग्लंडची सुमारे १५ टक्केच भूमी झाडीखाली होती. अनादी, अस्पर्शित अरण्यातून हळूहळू बाहेर पडलेला देश हे इंग्लंडचे लोकप्रिय चित्र त्यामुळे टिकत नाही. नऊशे वर्षांपूर्वीच इंग्रजी वन हे मोजलेले, वाटलेले आणि राबते वन होते.

राबते म्हणजे कसे? ओकसारखी काही झाडे इमारती लाकडासाठी वाढू द्यायची आणि त्यांच्याखालची हेझल, ॲश यांसारखी झाडे जमिनीलगत तोडायची. मूळ जिवंत असल्याने बुंध्याला नवे धुमारे फुटतात. काही वर्षांनी ते पुन्हा तोडायचे. या पद्धतीला ‘कॉपिस’ म्हणतात. मराठीत इमारती लाकूड आणि सरपण हा जो भेद आपण सहज करतो, तोच भेद तिच्या मुळाशी आहे. धुमाऱ्यांतून सरपण, कोळसा, कुंपणाच्या काठ्या, छप्पर शाकारण्याचे साहित्य, अवजारांचे दांडे मिळत. सफोकमधील ब्रॅडफील्डच्या वनात ही तोड १२५२ पासून चालत आल्याची परंपरा सांगितली जाते. केंब्रिजशरमधील हेली वनाचा उल्लेख ईलीच्या बिशपच्या १२५१ च्या पाहणीत आहे. तोडीमुळे वन नष्ट होत नाही, उलट ज्याचा उपयोग आहे ते वन टिकते, हा रॅकमच्या संशोधनातील एक मध्यवर्ती विचार. तोडीनंतर जमिनीवर ऊन पोचते आणि पुढच्या एकदोन वसंतांत प्रिमरोज, ॲनिमोन, ब्लूबेल या फुलांचा बहर येतो. इंग्रजी कवितेतील वासंतिक वनाची शोभा ही अशी कोयत्यामागून आलेली शोभा आहे.

एकोणिसाव्या शतकात रेल्वेने खाणीतला कोळसा गावोगाव पोचवला, सरपणाचे मोल घटले. पहिल्या महायुद्धानंतर बहुतेक ठिकाणी ही तोड थांबली. फांद्यांचे छत वर मिटत गेले, खाली अंधार दाटला, माणसांचा वावर संपला. आज इंग्लंडमधील एखाद्या निवांत झाडीत जाणाऱ्या प्रवाशाला जी शांतता मोहवते, ती मोठ्या प्रमाणात या थांबलेल्या कामाची शांतता आहे. आणि ती केवळ माणसांपुरती राहिली नाही. नाइटिंगेल पक्षी तोडीनंतर काही वर्षांनी माजणाऱ्या दाट झुडुपांत घरटे करतो. तोड थांबली, हरणांची संख्या वाढून कोवळी झुडुपे खुडली जाऊ लागली, आणि इंग्लंडमध्ये या पक्ष्याची संख्या गेल्या अर्धशतकात कमालीची घटली. कोयत्याचा आवाज थांबला, त्यापाठोपाठ पक्ष्याचा थांबला. ज्या पक्ष्याला इंग्रजी काव्याने मनुष्यसंसाराबाहेरील अमर गायक मानले, तो मनुष्याच्या श्रमाचा शेजारी होता.

३

या पार्श्वभूमीवर वर्ड्‌स्वर्थकडे पाहावे लागते. कारण आपल्याकडे ‘निसर्गकवी’ या शब्दाचा अर्थ त्याच्यापासूनच घेतला गेला. १७९८ च्या टिंटर्न ॲबीवरील कवितेत झाडांमधून निःशब्दपणे वर चढणारा धूर आहे. तो कोणाचा असावा याविषयी कवी तर्क करतो: वनात भटकणाऱ्या निराश्रितांचा असेल, किंवा एखाद्या एकांतवासी तपस्व्याचा. वाय नदीच्या त्या खोऱ्यात लोखंडाच्या भट्ट्या होत्या आणि डोंगरउतारांवरचा धूर कोळसा पाडण्याचा होता. विल्यम गिल्पिनने १७८२ च्या आपल्या प्रवासग्रंथात याची नोंदही केली होती. १९८० च्या दशकात अमेरिकन समीक्षेने, विशेषतः मार्जरी लेव्हिन्सनने, यावरून कवीवर आरोप ठेवला की त्याने श्रम झाकले आणि त्यांच्या जागी तपस्वी बसवला. हा आरोप सर्वस्वी नाकारता येत नाही. परंतु तो पूर्णपणे न्याय्यही नाही. धूर कवितेत आहे. तो कशाचा याची आपल्याला खात्री नाही, असे कवी स्वतःच सुचवतो. कवितेचा विषयच मुळी न दिसणाऱ्याविषयी मनाने केलेली कल्पना हा आहे. तिची मर्यादा असलीच तर ती अशी की तर्काच्या यादीत सर्वांत संभाव्य उत्तराला, म्हणजे कामकऱ्याला, जागा मिळाली नाही.

याहून अधिक प्रामाणिक कविता ‘नटिंग’ ही आहे. १७९८–९९ च्या हिवाळ्यात जर्मनीत लिहिलेली आणि १८०० मध्ये प्रसिद्ध झालेली ही कविता शांत वनाच्या भेटीचीच कविता आहे. जुने कपडे घालून, झोळी आणि आकडी घेऊन निघालेला मुलगा हेझलच्या एका अस्पर्शित कुंजात पोचतो. काही वेळ फुलांमध्ये बसून त्या शांततेचा उपभोग घेतो. मग एकाएकी उठून फांद्या ओरबाडतो, सारा कुंज विस्कटून टाकतो. आणि उघड्या पडलेल्या आकाशाखाली मुकी झाडे पाहून त्याला वेदना होते. वर्ड्‌स्वर्थने इथे एक भयंकर गोष्ट जाणली आहे. शांततेचा उपभोग आणि तिचा विध्वंस यांत फारसे अंतर नाही. दोन्ही एकाच भोगवृत्तीची रूपे असू शकतात. पण याच ठिकाणी आणखी एक गोष्ट ध्यानी येते. हेझल तोडल्याने मरत नाही. तोडणाऱ्याच्या हाताला माहीत असलेली ही वस्तुस्थिती कवितेतील मुलाला माहीत नाही, आणि कवितेच्या नैतिक रचनेलाही तिची गरज वाटत नाही. मुलगा पाहुणा आहे. त्याचे पाप आणि त्याचा पश्चात्ताप दोन्ही पाहुण्याचे आहेत.

जॉन क्लेअर (१७९३–१८६४) पाहुणा नव्हता. नॉर्थम्प्टनशरमधील हेल्पस्टन गावच्या या शेतमजुराच्या डोळ्यांदेखत १८०९ च्या कायद्याने गावची मोकळी जमीन, म्हणजे आपल्या भाषेत गायराने, कुंपणांनी बंदिस्त झाली. ती प्रक्रिया १८२० मध्ये पूर्ण झाली आणि त्याच वर्षी त्याचा पहिला काव्यसंग्रह निघाला. वाट नसलेल्या जमिनीवरून चालताना मालक पाहील आणि हटकेल या धास्तीविषयी त्याने लिहिले आहे. वर्ड्‌स्वर्थच्या मुलाला हेझलच्या कुंजात जाताना अशी धास्ती कधी शिवत नाही. वनात निश्चिंतपणे फिरणे हीदेखील एक सामाजिक सवलत आहे, हे क्लेअरमुळे कळते.

१८३५ च्या ‘द रूरल म्यूझ’ या संग्रहातील त्याची नाइटिंगेलच्या घरट्यावरील कविता या दृष्टीने अपूर्व आहे. कवी एका सोबत्याला दबक्या पावलांनी झाडीत नेतो, काट्यांतून रांगत गेल्याच्या जुन्या आठवणी सांगतो, पक्ष्याचे गाणे ऐकवतो. आणि मग गाणे थांबते. का थांबते? माणसे जवळ आल्याच्या भीतीने पक्ष्याचा कंठ दाटतो म्हणून. इथे वनातील शांतता निर्माण झाली आहे ती येणाऱ्याच्या येण्यामुळे. ती शांतता म्हणजे भीती आहे, हे ओळखून दोघे मागे सरतात. घरटे, त्यातली ओकची वाळकी पाने, शेवाळ, पाच अंडी हे सारे पाहून जसेच्या तसे ठेवतात. कीट्सने निसर्ग प्रत्यक्ष पाहिल्यापेक्षा कल्पनेत दिसला तसा रंगवला, असे क्लेअरचे मत होते. कीट्सच्या १८१९ च्या नाइटिंगेल कवितेचे मोठेपण या मताने कमी होत नाही. पण दोन कवितांतील फरक मात्र स्पष्ट होतो. कीट्सचा पक्षी कवीला ऐकू यावा म्हणून गातो. क्लेअरचा पक्षी कवी आल्यामुळे थांबतो. पहिल्या कवितेत तादात्म्य आहे. दुसरीत मर्यादेची जाण आहे, आणि ती तादात्म्याइतकीच काव्यमय आहे.

४

टॉमस हार्डीची ‘द वुडलँडर्स’ ही १८८७ ची कादंबरी या विषयावरील सर्वांत विस्तृत विधान आहे. लिटल हिंटॉक हे तिच्यातील गाव वनाच्या कुशीत आहे. परंतु कादंबरीच्या आरंभीच मार्टी साउथ ही मुलगी आजारी बापाच्या जागी रात्री जागून छप्पर शाकारण्यासाठी लागणाऱ्या हेझलच्या काठ्या चिरत बसलेली दिसते. तिच्या तळहातांना या कामाची सवय नाही. जवळच्या वाड्यातील धनवती मिसेस चार्मंडला गंगावनासाठी मार्टीचे केस हवे आहेत, आणि ते अखेर तिला मिळतात. वनाची मालकीही तिचीच. वनाचे लाकूड आणि मार्टीचे केस एकाच दिशेने जातात, हे हार्डी कुठेही मोठ्याने सांगत नाही. पहिल्या काही प्रकरणांची जुळणीच ते सांगते.

हार्डीच्या वनाला गोड म्हणता येत नाही. त्याच्या एका प्रसिद्ध वर्णनात झाडे एकमेकांना रेटतात, बुरशी आणि वेली कोवळ्या खोडांचा जीव घेतात. शहरातील दरिद्री वस्तीत जी अपुरी राहिलेली धडपड दिसते तीच या झाडीतही आहे, असे तो म्हणतो. १८९८ च्या ‘वेसेक्स पोएम्स’मध्ये आलेल्या, याच कादंबरीशी जोडलेल्या ‘इन अ वुड’ या कवितेत तर वनभेटीचा संकेत त्याने मुळापासून उलटवला. शहराला विटलेला एक जण विसाव्यासाठी वनात येतो, तिथेही झाडाझाडांत झुंज पाहतो आणि माणसांत परततो. कारण निदान तिथे कधी तरी स्नेह, चेहरा आणि शब्द सापडतो. एकांताकडे जाणाऱ्या शेकडो कवितांच्या गर्दीत ही परतणारी कविता एकाकी उभी आहे.

पण हार्डी इथेच थांबला असता तर त्याचे वन केवळ निराशेचे रूपक ठरले असते. त्याचे खरे सामर्थ्य जाइल्स विंटरबोर्न आणि मार्टी या दोघांच्या ज्ञानात आहे. जाइल्स रोप लावताना मुळे अशा हळुवारपणे पसरतो की ते जगतेच. मार्टी रोप सरळ धरते आणि उभे होताच ते उसासा टाकू लागते असे म्हणते. रात्रीच्या अंधारात, फांद्यांतून जाणाऱ्या वाऱ्याच्या आवाजावरून, कोणते झाड कोणत्या जातीचे हे त्या दोघांना सांगता येते. ही जागा निर्णायक आहे. ज्याला वन शांत वाटते त्याला झाडांचे आवाज वेगळे ऐकू येत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. शांतता हा ऐकणाऱ्याच्या अज्ञानाचाही एक प्रकार असू शकतो. फिट्झपियर्स हा तरुण डॉक्टर तत्त्वज्ञानाची पुस्तके घेऊन या गावी आला आहे आणि इथल्या एकांताला कंटाळतो. त्याचे निदान करताना हार्डी म्हणतो की अशा आडजागी राहायचे तर तिथल्या शेतांतून कोण चालले, ती कोणी नांगरली, समोरच्या टेकडीवरची झाडे कोणाच्या हातांनी लावली याची स्मृती हवी. ती नसेल तर सौंदर्य असूनही पोकळी उरते.

या ज्ञानाने त्या दोघांना वाचवले असे मात्र होत नाही. मार्टीच्या बापाला घरासमोरचा एल्म वृक्ष आपल्यावर कोसळणार असे भय आहे. डॉक्टरच्या सल्ल्याने वृक्ष तोडला जातो आणि त्या धक्क्याने म्हातारा मरतो. जाइल्सची घरे त्या म्हाताऱ्याच्या हयातीपुरत्या कराराने धरलेली होती. ती मालकिणीकडे जातात, आणि घरांबरोबर ग्रेस मेलबरीशी होऊ घातलेला विवाहही जातो. भय, वृक्ष, आयुष्य आणि भाडेपट्टा यांची अशी गुंफण इंग्रजी कादंबरीत क्वचितच आढळेल. इथे झाड प्रतीक आहे, पण त्याआधी ते कायद्याने माणसाच्या श्वासाशी बांधलेले एक झाड आहे. प्रतीकाला बळ येते ते या वस्तुस्थितीतून.

५

एडवर्ड टॉमसच्या (१८७८–१९१७) कवितेत हा सारा इतिहास अगदी थोड्या शब्दांत येतो. हॅम्पशरमधील स्टीप या गावी राहणारा, पोटासाठी ग्रामजीवनावर पुस्तके लिहिणारा हा लेखक १९१४ च्या अखेरीस कवितेकडे वळला, जुलै १९१५ मध्ये सैन्यात भरती झाला आणि ९ एप्रिल १९१७ रोजी आरासच्या लढाईत मारला गेला. त्याच्या सगळ्या कविता या सव्वादोन वर्षांतल्या.

‘इन मेमोरियम (ईस्टर, १९१५)’ ही चार ओळींची, एकाच वाक्याची कविता आहे. संध्याकाळी झाडीत फुले दाट राहिली आहेत. ती पाहून दूर गेलेल्या पुरुषांची आठवण येते. आपापल्या प्रियांसह ती फुले त्यांनी खुडायला हवी होती, आणि आता ते कधीच खुडणार नाहीत. एरवी फुलांनी भरलेले वन म्हणजे समृद्धीची खूण. इथे फुले जितकी दाट, तितकी हानी मोठी. न खुडलेपण हेच शोकाचे माप झाले आहे. कवीने वनाच्या सौंदर्याला धक्का लावलेला नाही. ते सौंदर्य कशामुळे उरले एवढेच सांगितले आहे.

मे १९१६ मधील ‘ॲज द टीम्स हेड-ब्रास’ ही कविता याच जाणिवेचा विस्तार करते. वनाच्या कडेला पडलेल्या एल्मवर एक माणूस बसला आहे. समोर नांगर फिरतो आहे. दोन प्रेमिक झाडीत शिरतात. नांगऱ्या प्रत्येक फेरीला जवळ आला की दोन शब्द बोलतो आणि पुन्हा वळतो; संवाद नांगराच्या फेऱ्यांनी तुटतो आणि जुळतो. झाड कधी उचलणार, असा प्रश्न निघतो. उत्तर असे की नांगऱ्याचा जोडीदार फ्रान्समध्ये मारला गेला. तो असता तर झाड केव्हाच हलवले असते. या कवितेतील मोकळी ओळ, तिच्यातील विराम, तिचे पुन्हा पुन्हा वळणे हे सर्व नांगरणीच्या लयीतून आले आहे. श्रमाची माहिती इथे कवितेला बाहेरून जोडलेली नाही. ती काढली तर कवितेचा घाटच कोसळतो. शेवटी प्रेमिक झाडीतून बाहेर येतात, ढेकळे उलटतात. बसलेल्या माणसाच्या मनात युद्धावर जाण्याचा विचार आहे, हे त्याच्या बोलण्यावरून वाचकाला कळलेले असते. वनाच्या काठावर शांत पडून राहिलेले ते एल्म म्हणजे एका दूरच्या मृत्यूचा या शेतात पोचलेला परिणाम आहे.

आजच्या वाचकासाठी या कवितेवर आणखी एक सावली पडली आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून पसरलेल्या रोगाने ब्रिटनमधील एल्म वृक्ष कोट्यवधींच्या संख्येने मेले. हार्डीच्या म्हाताऱ्याला ज्याचे भय वाटले आणि टॉमसचा माणूस ज्यावर बसला, तो उंच वृक्ष इंग्रजी ग्रामदृश्यातून जवळजवळ नाहीसा झाला. २०१२ मध्ये तेथील ॲश वृक्षांवरही नव्या रोगाची खात्री पटली. वनाविषयीचे साहित्य हे आता वनाच्या दप्तरासारखेही वाचावे लागते.

६

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो गंभीर आहे. कवितेत वन कोणी तोडले, कोणाचे होते, हे शोधत बसणे म्हणजे वाङ्मयाचे मूल्य समाजशास्त्राच्या हाती देणे नव्हे काय? मजुरांचा उल्लेख केल्याने कविता श्रेष्ठ ठरत नाही आणि न केल्याने हीन ठरत नाही. हे मान्यच केले पाहिजे. ‘नटिंग’ ही मालकीविषयी मौन बाळगूनही श्रेष्ठ कविता आहे, आणि कामकऱ्यांच्या कैवाराने लिहिलेल्या कितीतरी सामान्य पद्यरचना आज कोणी उघडत नाही. रेमंड विल्यम्सने ‘द कंट्री अँड द सिटी’ (१९७३) या ग्रंथात ग्रामदृश्याआड दडलेल्या श्रमाचा प्रश्न इंग्रजी समीक्षेपुढे ठामपणे मांडला. पण त्याच्या अनुयायांपैकी काहींनी त्या प्रश्नाचे आरोपपत्र केले, आणि कविता साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली. येथील प्रतिपादन तसे नाही. क्लेअर, हार्डी आणि टॉमस यांच्या ठायी श्रमाचे ज्ञान हे संवेदनेचेच एक इंद्रिय झाले आहे, असे ते आहे. त्या ज्ञानामुळे त्यांना अधिक सूक्ष्म ऐकू आले: पक्ष्याचे थांबणे, रोपाचा उसासा, न हललेल्या झाडाचे मौन. मूल्य आहे ते या ऐकण्याला.

मराठी वाचकाला हे समजणे खरे तर कठीण जाऊ नये; कारण त्याच्या भाषेतच याची एक खूण आहे. ‘वन’ हा शब्द मराठी कवितेने अधिक वापरला, पण खेड्यातील माणूस ‘रानात’ जातो. रान म्हणजे झाडी आणि रान म्हणजे शेतही. रानात जाणे म्हणजे बहुधा कामाला जाणे. विसाव्याची जागा आणि श्रमाची जागा यांत भेद न करणारा हा शब्द इंग्रजी ‘वुड’ला कदाचित ‘वना’पेक्षा जवळचा आहे. याच भाषेत, ‘द वुडलँडर्स’च्या चार वर्षे आधी, १८८३ मध्ये, महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्याने डोंगर, दऱ्या आणि गायराने आपल्या ताब्यात घेतल्याने गरीब शेतकऱ्याच्या शेळ्यांनाही जागा उरली नाही, अशी तक्रार केली. १८६५ आणि १८७८ च्या कायद्यांनी भारतीय रानांवरील रहिवाशांचे हक्क आकुंचित होत होते, त्याच काळात भारतीय विद्यार्थी इंग्रजी कवितेतील शांत वनाचे रसग्रहण लिहीत होते. ‘असूडा’चे ते पान आणि निसर्गकवितेचे रसग्रहण यांना एकाच टेबलावर ठेवण्याचा विचार मराठी समीक्षेने क्वचितच केला. एक समाजसुधारणेच्या कपाटात गेले, दुसरे सौंदर्याच्या.

इंग्लंडमध्येही हा प्रश्न मिटलेला नाही. २००० च्या कायद्याने तेथील डोंगर, माळ आणि सामाईक जमिनींवर पायी फिरण्याचा हक्क मिळाला. झाडीला मात्र सर्वसाधारणपणे तो लागू झाला नाही. सार्वजनिक वने विकण्याचा सरकारी विचार लोकांच्या तीव्र विरोधामुळे फेब्रुवारी २०११ मध्ये मागे घ्यावा लागला. दुसरीकडे हेली आणि ब्रॅडफील्डसारख्या वनांत निसर्गसंरक्षक संस्थांच्या देखरेखीखाली जुनी तोड चालू आहे. जिथे तोड होते तिथे ऊन पोचते, आणि फुले पुन्हा येतात. वन वाचवायचे तर त्याला एकटे सोडून द्यावे, ही भावुक समजूत तिथे कोयत्यानेच खोटी ठरवली आहे.

समीक्षेनेही यातून काही घ्यावे. शांत वनाची कविता समोर आली की तिच्यात कवी निसर्गाशी किती एकरूप झाला, हे पाहून थांबू नये. त्या शांततेत कोणाचे आवाज विरले आणि ते विरल्याची जाण शब्दांच्या लयीत कितपत उतरली, हेही ऐकावे. असे ऐकल्याने वर्ड्‌स्वर्थ लहान होणार नाही. मात्र क्लेअर, हार्डी आणि टॉमस हे त्याच्या सावलीतील दुय्यम ग्रामचित्रकार आहेत ही समजूत जाईल, आणि आपल्या साहित्यातील रानाकडे पाहताना ‘ऋतुचक्र’ आणि ‘असूड’ या दोन्ही पुस्तकांची गरज एकाच वेळी भासू लागेल.